जीभ साखर मोजत नाही : ताईच्या अंगणातलं क्रॅबॲपल

"डॉक्टर, आंबट फळ आहे, म्हणजे डायबेटीसला चालेल ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. कधी तो संत्र्याबद्दल असतो, कधी अननसाबद्दल. गोड फळ म्हणजे साखर आणि आंबट फळ म्हणजे जवळजवळ औषध, असं आपल्याकडे अगदी शिकलेल्या घरांतही मानलं जातं. या समजुतीला सर्वांत चांगलं उत्तर मला एका फळाने दिलं. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलंही नसेल. त्याचं नाव क्रॅबॲपल.

माझी थोरली बहीण अमेरिकेत मिनियापोलिसजवळ मुलाकडे राहते. वय अडुसष्ट, डायबेटीस पंधरा वर्षांचा. भाऊजी गेल्यानंतर तिचं घराबाहेर पडणं जवळपास थांबलं होतं. तिकडे हिवाळ्यात तापमान उणे तीसपर्यंत जातं, त्यामुळे पाच महिने तर बाहेर पडण्याचा प्रश्नच नाही. पण उन्हाळ्यातही ती खिडकीशीच बसून राहायची. साखर वाढली, वजन वाढलं, झोप उडाली. फोनवर मी चालायला सांगायचे आणि ती "हो गं" म्हणून विषय बदलायची. मग एका मे महिन्यात तिने मागच्या अंगणात झाड लावायचं ठरवलं.

"अगं, चार वर्षांनी फळ येणार म्हणतात. तेव्हा मी असेन का?" असं तिनेच मला विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता रोप घेऊन आली.

क्रॅबॲपल म्हणजे सफरचंदाचाच धाकटा भाऊ. फळाची रुंदी दोन इंच किंवा त्याहून कमी असेल तर त्याला क्रॅबॲपल म्हणायचं, असा साधा संकेत आहे. अमेरिकेत रस्तोरस्ती जी दिसतात ती बहुतेक फुलांसाठी लावलेली असतात. त्यांची फळं बोराएवढी, तुरट आणि तोंड वेडंवाकडं करायला लावणारी. पण झाडावरून काढून तसंच खाता येईल अशा गोड जातीही आहेत. ताईने लावलेली 'चेस्टनट' ही मिनेसोटा विद्यापीठाने काढलेली जात. तिथली थंडी सोसते, फळ मोठ्या लिंबाएवढं असतं, पिवळ्यावर लाल झाक आणि साल थोडी खरखरीत. गोडीला मागे सुक्या मेव्यासारखी चव आहे. मी सप्टेंबरमध्ये गेले होते तेव्हा उभ्या उभ्या चार खाल्ली.

लावण्याची गोष्ट कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तसंच इथे बी लावून तीच जात मिळत नाही. कलमच आणावं लागतं. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात, आणि झाड आटोपशीर ठेवणारं कलम असेल तर तो गुण निघून जातो. खड्डा खोल नको, रुंद हवा. दिवसाला सहा ते आठ तास ऊन हवं. आणि एकटं झाड लावून फारसा उपयोग होत नाही, कारण सफरचंदाला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. ताईला ही काळजी नव्हती. शेजाऱ्यांकडे फुलांचं क्रॅबॲपल होतं, मधमाश्यांनी बाकीचं काम केलं. हिवाळ्यात ससे खोडाची साल कुरतडतात, म्हणून बुंध्याला जाळी गुंडाळावी लागते. हे तिने भाच्याला तीन वेळा सांगितलं आणि शेवटी स्वतःच केलं.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम ताज्या क्रॅबॲपलमध्ये सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात आणि नेहमीच्या सफरचंदात सुमारे १४ ग्रॅम. दोन्हींत चोथा धरलेला आहे. म्हणजे तोंड आंबट करणाऱ्या या फळात वजनाला वजन पाहिलं तर कर्बोदके जास्तच! हे कसं? फळातलं आम्ल आणि तुरटपणा साखरेची चव झाकतात. साखर तिथेच असते, फक्त जिभेला जाणवत नाही. लिंबाच्या सरबतात चार चमचे साखर घालूनही ते आंबट लागतं, तसंच हे. पोटात गेल्यावर आतडं चव विचारत नाही.

मग ताईने खायचं नाही का? खायचं. एक फळ ३०-४० ग्रॅमचं. दोन-तीन फळं सालीसकट चावून खाल्ली तर एका मध्यम सफरचंदापेक्षा जास्त होत नाही. चोथ्यामुळे साखर सावकाश चढते. मी तिला सांगितलं होतं की एकदा खाण्याआधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघ, म्हणजे तुझं शरीर काय म्हणतं ते कळेल. तिने वहीत लिहून ठेवलं. माझ्या अनेक पेशंटपेक्षा ही वही नीट आहे, हे मी मुद्दाम इथे लिहिते आहे.

जेलीची गोष्ट मात्र वेगळी. या फळात पेक्टिन भरपूर, त्यामुळे आपल्या पेरूच्या जेलीसारखी त्याची जेली सुरेख जमते. पण रस जितका, जवळजवळ तितकीच साखर, आणि चोथा गाळून टाकलेला. "घरची आहे, नैसर्गिक आहे" म्हणून पोळीबरोबर रोज खायची ती वस्तू नव्हे. तरीही तशीच एक बाटली त्या घरात एकदा फार उपयोगी पडली.

झाड लावलं त्याच आठवड्यातली गोष्ट. ताई सकाळी थोडे पोहे आणि ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन अंगणात गेली. माती ओढण्याच्या नादात जेवण राहिलं. दुपारी तीनला हातपाय कापायला लागले, दरदरून घाम सुटला, बोलणं अडखळलं. आमच्याकडे रात्रीचा दीड वाजला होता. भाचेसुनेचा व्हिडिओ कॉल आला. तिने मशीनवर पाहिलं होतं : साखर ५८. आणि तिने ताईच्या हातात सफरचंदाची फोड दिली होती. हेतू चांगला, पण अशा वेळी अख्खं फळ कामाचं नाही. चावायला वेळ, पचायला वेळ. मी म्हटलं, ते राहू दे, फ्रीजमध्ये जॅम-जेली काही आहे का? शेजारणीने दिलेली क्रॅबॲपलची जेली होती. एक मोठा चमचा दिला. पंधरा मिनिटांनी साखर ७६. मग दही-भात.

हे नीट लक्षात ठेवा. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर लगेच द्यायची : तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात, किंवा एक मोठा चमचा मध वा जेली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायचं, आणि नंतर नीट जेवायचं. तुमच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही. तुम्ही घरात ग्लुकोज पावडरच ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या रात्री दर तीन तासांनी तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या तिथल्या डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला. बागकाम हा व्यायाम आहे, हे ताईच्या लेखी तोपर्यंत नव्हतं. "मी कुठे जिमला गेले होते?" असं तिचं म्हणणं.

बियांबद्दल आया घाबरून विचारतात. सफरचंदाच्या बियांत अमिग्डालिन असतं, त्यापासून सायनाइड तयार होऊ शकतं, हे खरं. पण दोन-चार बिया न चावता गिळल्या तर त्या तशाच बाहेर पडतात. चटणी किंवा पल्प करताना मात्र मिक्सरमध्ये अख्खी फळं घालू नका. आधी बिया काढा.

चौथ्या वर्षी फळ धरलं. मोजून एकवीस. मधल्या उन्हाळ्यात काही शेंडे भाजल्यासारखे काळे पडून आकड्यासारखे वाकले होते. हा फायर ब्लाइट नावाचा जिवाणूंचा रोग. रोगट भागाच्या वीतभर खालून फांदी कापायची आणि प्रत्येक कापणीनंतर कात्री स्पिरिटने पुसायची. ताई ते इतक्या काटेकोरपणे करत होती की आमच्या ड्रेसिंग रूममध्ये तिला नोकरी द्यावी. तिची तीन महिन्यांची सरासरी साखर पूर्वीपेक्षा बरी आहे. त्याचं श्रेय मी क्रॅबॲपलच्या गुणधर्मांना देणार नाही. गोळ्या वेळेवर आहेत, जेवण वेळेवर आहे आणि ती रोज तासभर बाहेर असते. झोपही लागते.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या पेशंटना एवढंच सांगते की रस्त्याकडेच्या झाडाची फळं विचारल्याशिवाय तोडू नका. शोभेच्या झाडांवर औषधं फवारलेली असू शकतात. खाली पडलेली फळं रोज उचला. ती कुजली की गांधीलमाशा येतात आणि त्यावरून पाय घसरतो. साठीनंतर खुब्याचं हाड मोडणं फार महागात पडतं. शिडीवर चढू नका. ताईने छाटणी करून झाड हाताच्या उंचीवर ठेवलं आहे.

पुण्यात लावता येईल का, हे आता तुम्ही विचारणारच. नाही. या झाडाला कळ्या उमलण्याआधी बराच काळ कडक थंडी लागते. हिमाचल-काश्मीरच्या बागांत परागासाठी क्रॅबॲपल लावतात, पण आपल्या हवेत चेस्टनटसारखी जात नुसती पानं दाखवील. रोपवाटिकेत कोणी "कुठेही येतं" म्हणून कलम पुढे केलं, तर पैसे खिशातच राहू द्या.