ज्यांच्यासाठी कुणी गायलं नव्हतं

स्कॉटलंडमधल्या पर्थ गावात, विल्सन स्ट्रीटवरच्या घरातल्या एका खोलीत विल्यम सूटर नावाचा कवी १९३० सालापासून अंथरुणाला खिळून होता. मणक्याच्या दुखण्यानं त्याचं शरीर हळूहळू ताठरत गेलं होतं. वडील सुतारकामातले. त्यांनी मुलाच्या खोलीची खिडकी मोठी करून घेतली, म्हणजे पडल्या पडल्या त्याला बाग दिसावी, पाखरं दिसावीत. १९४३ साली तो गेला तेव्हा ४५ वर्षांचा होता. या खोलीतल्या कवीची स्कॉट्स बोलीत लिहिलेली एक छोटी प्रेमकविता आहे, ‘द ट्रिस्ट’. ट्रिस्ट म्हणजे ठरवून घेतलेली भेट. रात्री प्रेयसी येते आणि उजाडायच्या आत निघून जाते, एवढंच तिच्यात घडतं. ज्याला उठून दारापर्यंत जाता येत नव्हतं, त्याच्याकडे कुणीतरी चालत येतं. हे कळल्यावर ती कविता नुसती प्रेमाची राहत नाही.

१९८४ च्या सुमारास जेम्स मॅकमिलन नावाच्या पंचविशीतल्या तरुणानं या कवितेला चाल लावली. तो संगीतरचनेचं रीतसर शिक्षण घेत होता, आणि त्याच वेळी मित्रांबरोबर लोकसंगीतही वाजवत होता. चाल साधी आहे, कुणालाही गुणगुणता येईल अशी. कुणी सांगितलं नाही तर ती दोनतीनशे वर्षं जुनी आहे असंच वाटावं. पण तिनं मॅकमिलन यांना सोडलं नाही. व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलेल्या ‘आफ्टर द ट्रिस्ट’मध्ये ती आली, ‘बुस्केदा’मध्ये आली, १९८९ साली ऑर्क्नीच्या सेंट मॅग्नस महोत्सवासाठी लिहिलेल्या ‘ट्रिस्ट’ या वाद्यवृंदाच्या रचनेत आली. कधी उघड, कधी इतकी ताणलेली, की ओळख पटायला वेळ लागतो. आज जगभर वाजवले जाणारे, २०१५ साली ‘सर’ झालेले हे संगीतकार. त्यांच्या पहिल्या मोठ्या रचनांच्या तळाशी एका आजारी कवीच्या शब्दांवरची ही चाल आहे. मॅकमिलन यांचं संगीत समजून घ्यायचं तर मला इथून सुरुवात करावीशी वाटते. जो एकटा पडला आहे त्याच्यापर्यंत चालत जाणं, ही त्या संगीताची जुनी सवय आहे.

१६६२ च्या वसंतात स्कॉटलंडच्या उत्तरेला, नेर्नजवळच्या ऑल्डर्न गावात इझोबेल गाउडी नावाच्या बाईनं कबुलीजबाब दिले. शेतकऱ्याची बायको. सहा आठवड्यांत चार जबाब, पाद्री आणि गावातल्या वजनदार माणसांसमोर. आपण सैतानाला भेटलो, मंत्र म्हणून सशाचं रूप घेतलं, डोंगराखाली परीराणीच्या घरी जेवलो, असं ती सांगत गेली आणि लेखनिक लिहीत गेला. कागद शिल्लक आहेत. त्यांतली भाषा इतकी जिवंत आहे, की अभ्यासक अजून त्यांच्यामागे लागलेले असतात. मात्र जबाबांनंतर तिचं काय केलं, याची नोंद कुठल्याही कागदात नाही. स्कॉटलंडमध्ये चेटूकविरोधी कायदा १५६३ पासून १७३६ पर्यंत होता. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या काळातले आरोपी एकेक करून मोजले, ते सुमारे ३८०० भरले. बहुसंख्य बायका. दोषी ठरलेल्यांना बहुधा आधी गळा आवळून मारत आणि मग जाळत. त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

२२ ऑगस्ट १९९० ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात, ‘द कन्फेशन ऑफ इझोबेल गाउडी’ पहिल्यांदा वाजलं. बीबीसी स्कॉटिश सिम्फनी ऑर्केस्ट्रा, संचालक येर्झी माक्सिमियुक. मॅकमिलन ३१ वर्षांचे होते. इझोबेलला जी शोकप्रार्थना कधी मिळाली नाही ती ही, अशी त्यांची स्वतःची भूमिका आहे, आणि ती स्कॉटिश लोकांच्या वतीनं मांडलेली आहे. ‘वतीनं’ याला माझ्या लेखी फार वजन आहे. एका माणसाचं दुःख नाही हे. ज्या समाजानं जाळलं, त्याच समाजातला कुणीतरी पुढे येऊन मान खाली घालतो आहे.

सुमारे पंचवीस मिनिटांची ही रचना तीन प्रवाहांत ऐकावी. सुरुवात खालच्या पट्टीत, हलक्या फुंकवाद्यांनी होते. मग तंतुवाद्यं एकावर एक थर चढवत जातात. त्या थरांत मृतांसाठीच्या ‘लक्स एतेर्ना’ या लॅटिन प्रार्थनेचे सूर आहेत, जुन्या स्कॉटिश बॅलडचेही आहेत. पण कुठलाच एक सूर वेगळा काढून दाखवता येत नाही. अनेक जणी एकदम, आपापल्या लयीत काहीतरी म्हणत आहेत असं वाटतं. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणाऱ्या व्हायोलिनच्या मींडीत हुंदका लपलेला आहे. मग हे सगळं मोडतं. आघातवाद्यं आणि पितळी वाद्यं धाड धाड तुटून पडतात, तुकडे उडतात, एकच आघात पुन्हा पुन्हा त्याच जागी होतो. हा मधला भाग फार लांबला आहे, फार कर्कश आहे, अशी तक्रार ऐकू येते. माझं मत ठाम आहे. तो एवढा क्रूर असायलाच हवा. छळ थोडक्यात आणि सुरेल करून सांगितला, तर त्यानंतरच्या प्रार्थनेला काही अर्थ उरणार नाही.

मग प्रार्थना परत येते, पण सुखरूप नाही. तंतुवाद्यांचा तो पहिला संथ ओघ सुरू झाला तरी मधल्या कोलाहलाचे तुकडे त्याच्यात घुसत राहतात. दोन्ही एकाच वेळी ऐकावं लागतं. आणि शेवटी सगळा वाद्यवृंद एका स्वरावर येतो. ‘सी’चा स्वर, पाश्चात्त्य सप्तकात पहिला मोजला जाणारा. जवळजवळ न ऐकू येण्यापासून सुरू होऊन तो वाढत जातो, वाढतच जातो, दुसरा कुठलाही स्वर त्याच्या सोबतीला येत नाही, आणि कान सोसेल त्याच्या टोकाला पोचून तुटतो. तानपुऱ्याच्या सवयीच्या कानाला षड्जात विश्रांती असते, निघालेला माणूस घरी पोचतो. हा षड्ज पोचवत नाही. तो मागणी करतो. एवढ्या साऱ्या वाद्यांनी एकाच स्वरावर ठाम उभं राहणं, ही मला न्यायासनासमोर दिलेली हाक वाटते. पहिल्या रात्री टाळ्या लांबत गेल्या आणि मॅकमिलन हे नाव एका रात्रीत सगळीकडे गेलं. इझोबेलनंतर ३२८ वर्षांनी.

‘बुस्केदा’ त्याच्या दोन वर्षं आधीची. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत ‘नाहीशा’ केलेल्या मुलांच्या आया ब्युनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात फेऱ्या घालत. त्यांनी लिहिलेल्या कविता आणि लॅटिन मिस्सेचे शब्द या रचनेत शेजारी शेजारी ठेवले आहेत. आणि सूटरची चाल तिथेही पोचते. या आयांना मृतदेह मिळालेले नव्हते. अंत्यविधी नव्हता. पुन्हा तेच, ज्यांच्यासाठी कुणी गायलं नव्हतं अशी माणसं.

१३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका बंदूकधाऱ्यानं १६ लहान मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला मारलं. ‘अ चाइल्ड्स प्रेयर’ ही मॅकमिलन यांची छोटी रचना त्या मृतांना अर्पण केलेली आहे. वाद्य नाही. खाली वृंद एकच स्वागताचा शब्द पुटपुटत राहतो आणि वर दोन बालआवाज एकमेकांभोवती फिरत चढत जातात. शब्द आहेत पहिल्या कम्युनियनच्या दिवशी मुलांनी म्हणायच्या प्रार्थनेचे, म्हणजे आनंदाचे. त्या मुलांना हा दिवस कधी मिळाला नाही. मॅकमिलन यांच्या भव्य सिंफन्यांपेक्षा ही काही मिनिटं मला मोठी वाटतात, हे सांगताना मला अजिबात अवघड वाटत नाही.

१९९३ ची ‘सेव्हन लास्ट वर्ड्स फ्रॉम द क्रॉस’ गायकवृंद आणि तंतुवाद्यांसाठी आहे. बीबीसीनं ती १९९४ च्या पवित्र सप्ताहात रोज रात्री एक भाग अशी दूरचित्रवाणीवर दाखवली. शेवटच्या भागात शब्द संपून जातात आणि तंतुवाद्यं बराच वेळ एकटीच वाजत राहतात. छोटे, वरून खाली उतरणारे, कणस्वरांनी थरथरणारे श्वास. हे सूर स्कॉटलंडमधल्या जुन्या शोकगीतांच्या वळणाचे आहेत. जेरुसलेमबाहेरच्या टेकडीवरचा येशूचा मृत्यू मॅकमिलन यांनी आपल्या गावच्या रडण्यानं रडला आहे. एव्हलिन ग्लेनी यांच्यासाठी लिहिलेला ‘वेनी, वेनी, इमॅन्युएल’ हा १९९२ चा तालवाद्यांचा कंचेर्टो मात्र या सगळ्याच्या दुसऱ्या अंगाचा आहे. काळजाचे ठोके, धावपळ, आणि शेवटी घंटांचा नाद. तो कितीतरी जास्त वेळा वाजतो. तो वाजत राहो. माझी ओढ शोकाकडे आहे.

हा शोक कुठून आला, याचं उत्तर नैऋत्य स्कॉटलंडमध्ये आहे. मॅकमिलन यांचा जन्म १९५९ चा, एअरशरमधल्या किलविनिंगचा. वाढले कम्नॉकमध्ये, कोळशाच्या खाणींच्या मुलखात. आजोबा जॉर्ज लॉय खाणकामगार. दिवसा जमिनीखाली, आणि काम सुटलं की खाणीच्या ब्रास बँडमध्ये युफोनियम, रविवारी चर्चमध्ये गाणं. नातवाच्या हाती पहिलं कॉर्नेट त्यांनी दिलं, बँडच्या पहिल्या तालमीला त्यांनीच नेलं. या मुलखात मृत्यू कामाच्या जागीच असे. सप्टेंबर १९५० मध्ये जवळच्या न्यू कम्नॉकच्या नॉकशिनॉक खाणीत वरचं भिजलेलं रान चिखल होऊन आत कोसळलं आणि १२९ माणसं अडकली. ११६ जणांना जुन्या बोगद्यातून बाहेर काढता आलं, १३ जण गेले. अशा गावात बँड ही करमणूक नसते. तोच लग्नात वाजतो, तोच खांदा देऊन निघालेल्यांच्या पुढे चालतो. कॅथलिक असणं हाही तिथे सोपा वारसा नव्हता. आयर्लंडहून कामाला आलेल्यांच्या वंशजांकडे पाहण्याच्या नजरेबद्दल १९९९ च्या एडिंबरा महोत्सवात मॅकमिलन उघड बोलले, आणि त्यावर बराच गदारोळ उठला. काहींना ते अतिशयोक्त वाटलं. मला त्यात इतकंच दिसतं, की बाजूला ढकललेल्यांची गोष्ट त्यांनी पुस्तकात वाचून उचललेली नाही.

म्हणूनच त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला सगळ्या सन्मानांहून मोलाची वाटते. जगातले उत्तम वाद्यवृंद ज्यांच्या नव्या रचनेची वाट पाहतात असे हे संगीतकार ग्लासगोच्या मेरीहिल भागातल्या सेंट कोलंबा चर्चमध्ये वर्षानुवर्षं रविवारचा वृंद चालवत होते. गाणारे लोक वस्तीतलेच, हौशी. त्यांच्या गळ्यांना झेपतील अशा स्तोत्रांच्या चाली ते आठवड्यागणिक लिहीत. १९ सप्टेंबर २०२२ ला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीत अवघ्या जगानं त्यांची रचना ऐकली. राणीसाठी त्यांनी लिहिलं, आणि जिचं पुढे काय झालं हेसुद्धा कुणी नोंदवलं नाही अशा शेतकऱ्याच्या बायकोसाठीही लिहिलं. दोघींपैकी कुणाला जास्त पानं मिळाली, हे दोन्ही ऐकलं की कळतं.

२०१४ साली त्यांनी कम्नॉकमध्येच संगीत महोत्सव सुरू केला. त्याचं नाव ‘द कम्नॉक ट्रिस्ट’. गावात तोवर खाणी राहिल्या नव्हत्या. बॅरोनी ही ऑचिनलेकची खाण १९८९ साली बंद झाली, तिचा लोखंडी सांगाडा तेवढा स्मारक म्हणून उभा आहे. आणि पहिलं महायुद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली त्या २०१८ च्या महोत्सवात मॅकमिलन यांनी ‘ऑल द हिल्स अँड व्हेल्स अलाँग’ सादर केली. शब्द चार्ल्स हॅमिल्टन सोर्ली या कवीचे, जो १९१५ साली लूसच्या लढाईत वयाच्या विसाव्या वर्षी पडला. गायला इयन बॉस्ट्रिज, आजच्या मोठ्या टेनरांपैकी एक. त्याच्या मागे महोत्सवाचा गावकरी वृंद, आणि शेजारी डॅलमेलिंग्टन बँड, त्याच एअरशर मुलखातला ब्रास बँड. नंतर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रानं ती मोठ्या वाद्यवृंदात वाजवली, पण पहिला मान एअरशरच्या बँडचा होता, आणि बँडसाठी म्हणून त्यात युफोनियमचे स्वर लिहिलेले आहेत.