रकाना कोरा ठेवावा काय?

केंद्र सरकारच्या नोकरीसाठी लेखी परीक्षा, मैदानावरील धाव आणि वैद्यकीय तपासणी ही सारी दिव्ये पार पडली, की उमेदवाराच्या हाती काही पानांचे एक पत्रक येते. कचेरीत त्याला सर्वजण अटेस्टेशन फॉर्म म्हणतात. बडोद्यातील एका केंद्रीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत आमची बत्तीस वर्षे गेली, आणि त्या काळात ही पत्रके आमच्या हातांखालून किती गेली असतील याची गणती नाही. आमचा अनुभव असा, की उमेदवार आपली जन्मतारीख तीनदा तपासून लिहितो. परंतु ज्या रकान्यात 'आपणांस कधी अटक झाली आहे काय? आपणांवर खटला झाला आहे काय? न्यायालयाने दंड केला आहे काय? दोषी ठरविले आहे काय?' असे विचारलेले असते, तेथे मात्र प्रश्न पुरता न वाचताच 'नाही, नाही, नाही' अशी रांग लावून मोकळा होतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेच असते. पत्रकाच्या अगदी माथ्यावर एक ताकीद छापलेली असते. खोटी माहिती देणे अथवा खरी माहिती दडविणे ही अपात्रता ठरेल, असा तिचा आशय. ती वाचणारे आम्हांस फार थोडे भेटले.

गेल्या वर्षी हेच पत्रक घेऊन दांडिया बाजारातील एका स्नेह्यांचा मुलगा आमच्याकडे आला. या घराशी आमचा दोन पिढ्यांचा घरोबा आहे. मुलगा चोवीस वर्षांचा, अंगाने काटक, बोलण्यात थोडा संकोची. पदवीनंतर एकविसाव्या वर्षी तो इंग्लंडमध्ये लेस्टर येथे शिकावयास गेला आणि दोन वर्षे राहून परत आला. आता केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत उपनिरीक्षक म्हणून त्याची निवड व्हावयाची होती. "काका, या रकान्यात मला 'होय' लिहावे लागेल," असे म्हणून तो गप्प राहिला.

घडले होते ते असे. लेस्टरला असताना एका मित्राच्या वाढदिवसाहून परत येताना पोलिसांनी त्याची गाडी थांबविली. श्वासाच्या तपासणीत शंभर मिलिलिटरमागे 48 मायक्रोग्रॅम मद्यांश निघाला. इंग्लंडमध्ये मर्यादा 35 ची. मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. दंड झाला आणि चौदा महिने वाहन चालविण्यास बंदी झाली. अपघात नाही, कोणाला इजा नाही. दंड त्याने आठवड्यातून तीन रात्री एका उपाहारगृहात भांडी घासून फेडला. बडोद्यास यातले एक अक्षरही कळविले नव्हते. ते कळले या पत्रकामुळे.

त्यानंतर त्या घरात जी बैठक झाली, तिला आम्हांसही बोलावणे होते. वाचकांपैकी जे गुजरातेबाहेर राहतात त्यांना त्या बैठकीचा ताण कदाचित लक्षात यावयाचा नाही. या राज्यात 1960 पासून, म्हणजे राज्य जन्मल्यापासून, दारूबंदी आहे. परवाने आहेत, चोरवाटाही आहेत, हे सर्वांस ठाऊक आहे; तरीही आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरात हा शब्द उच्चारला जातो तो दुसऱ्याच्या मुलाविषयी. मुलाच्या आईला नोकरीची फारशी चिंता नव्हतीच. धाकट्या मुलीला इंदूरचे एक स्थळ सांगून आले होते, आणि चौकशीला येणारा पोलीस शेजारीपाजारी काय विचारील, या कल्पनेने त्या माउलीच्या डोळ्यांस धार लागली होती.

मुलाचे मामा व्यवहारी गृहस्थ. त्यांचे म्हणणे तीन कलमी होते. येथील पोलीस ठाण्याच्या दप्तरात लेस्टरची नोंद असणार कोठून? दुसरे, रकान्यात न्यायालय म्हटले आहे ते आपल्या देशाचे. साहेबाच्या न्यायालयाशी आपला संबंध 1947 सालीच संपला. आणि तिसरे, हा तर वाहतुकीचा दंड! तो काय गुन्ह्यांत मोजावयाचा? दुसऱ्या कलमावर सर्वजण हसले, आणि त्या हसण्याने बैठक जराशी सैलावली, हेही मान्य केले पाहिजे.

तिसरे कलम सर्वांत कच्चे होते. इंग्लंडमध्ये मद्य पिऊन वाहन हाकणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि दोषी ठरल्यास साधारणतः निदान बारा महिने परवाना जातोच. आपल्याकडे तरी तो किरकोळ कोठे आहे? मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमाने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यांश आढळला, तर पहिल्याच खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 2019 च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांचा दंड, किंवा दोन्ही. इंग्लंडची रक्तातली मर्यादा ऐंशी मिलिग्रॅमची आहे; म्हणजे या बाबतीत आपला कायदा साहेबाहून कडक. न्यायालयाविषयी म्हणाल, तर पत्रकात देशाचे बंधन घातलेले नाही. उलट निवासाच्या रकान्यात स्पष्ट विचारले आहे, की एकविसाव्या वर्षानंतर परदेशी एक वर्षाहून अधिक काळ जेथे जेथे वास्तव्य केले त्या सर्व ठिकाणांचा तपशील द्यावा. लेस्टरचे नाव तेथे लिहिणे भागच होते. एका पानावर लेस्टर लिहावयाचे आणि पुढच्या पानावर लेस्टरला काहीच घडले नाही असे लिहावयाचे!

जेथे शिक्षा झाली त्या देशाची रीतही आम्ही पाहिली. तेथे 1974 च्या एका कायद्याने जुन्या शिक्षा ठराविक काळानंतर 'सरलेल्या' मानल्या जातात. परवान्यावर नोंद झालेल्या अशा प्रकरणात प्रौढ माणसाला पाच वर्षांनी ती मुभा मिळते. तो कायदा परदेशी न्यायालयातील शिक्षाही हिशेबात धरतो. परंतु 1975 च्या आदेशाने काही नोकऱ्या त्यातून वगळल्या, आणि पोलिसाची नोकरी त्यांत आहे. म्हणजे बडोद्यात शिक्षा झालेला कोणी उद्या लेस्टरला शिपाई होऊ पाहील, तर त्यालाही येथली जुनी गोष्ट तेथे सांगावी लागेल. एवढी कडक रीत असूनही तेथे काय घडले? 2021 मध्ये लंडनच्या सेवेतील एका शिपायाने एका तरुणीचे अपहरण करून तिचा खून केला. त्यानंतर 2022 च्या तपासणी अहवालात पडताळणीच्या 725 प्रकरणांपैकी 131 प्रकरणांतील निर्णयांवर शंका घेण्यात आली. ज्याच्या हाती दंडुका आणि अटकेचा अधिकार द्यावयाचा, त्याला कारकुनाहून अधिक प्रश्न विचारले जाणारच.

मामांच्या पहिल्या कलमाला मात्र आमच्यापाशी कायद्याचे उत्तर नव्हते. सापडले नसतेही. आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की हे पत्रक माणसाच्या सेवेच्या फायलीत जाऊन बसते आणि तो निवृत्त होईपर्यंत तेथून हलत नाही. आमच्या शाखेत एका गृहस्थांची फाईल नोकरीच्या अकराव्या वर्षी, बढतीच्या चुरशीत कोणाच्या तरी निनावी पत्रामुळे, उघडली गेली. मूळ प्रकरण गावच्या जत्रेतील मारामारीचे होते, दंड क्षुल्लक होता. त्या दंडाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. चर्चा झाली ती त्यांच्या हातच्या 'नाही' या दोन अक्षरांची. त्या काळात ते गृहस्थ जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता खिडकीशी उभे राहत, ते आम्ही रोज पाहत होतो.

एवढ्यावर मुलाचे वडील, जे आतापर्यंत मूक होते, त्यांनी नेमका प्रश्न विचारला: "खरे लिहिले तर नोकरी मिळेल, अशी हमी तुम्ही देता?"

ती आम्ही दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय येथे एका सुरात बोलत नाहीत. 2011 मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती काटजूंनी ह्यूगोच्या कादंबरीतील पाव चोरणाऱ्या जाँ वालजाँची आठवण काढून, तरुणपणच्या चुकांकडे उदारपणे पाहावे असे म्हटले, आणि माहिती दडविणाऱ्या उमेदवारालाही दिलासा दिला. 2016 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयाची सविस्तर मांडणी केली. माहिती खरीच असली पाहिजे. प्रश्न मोघम असेल तर न सांगितल्याचा दोष लावता येत नाही. किरकोळ प्रकरण दडविले असल्यास अधिकारी ते माफ करू शकतात. परंतु उमेदवाराने सारे खरे सांगितले, तरीही त्याचे पूर्वचरित्र तपासण्याचा मालकाचा हक्क राहतो आणि नेमणूक करण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. 2018 मध्ये मध्यप्रदेश पोलिसांच्या भरतीत तसेच घडले. उमेदवाराने प्रलंबित खटला प्रतिज्ञापत्रात नमूद केला होता, पुढे तो तडजोडीने सुटलाही. तरी त्याला नाकारण्याचा निर्णय न्यायालयाने कायम ठेवला. हे सारे आम्ही त्या घरात जसेच्या तसे सांगितले. मामा म्हणाले, "मग सत्याचा उपयोग काय?" मुलगा म्हणाला, "मामा, उद्या मीच कोणाचा तरी जबाब लिहून घेत बसणार आहे." पुढे तो काही बोलला नाही आणि त्याला कोणी बोलावयास लावलेही नाही.

सोबतच्या निवेदनाचा मसुदा त्याने प्रथम दोन पानी केला होता. त्यात मित्राचा आग्रह होता, थंडी होती, परदेशातील एकाकीपण होते. आम्ही ते सारे काढावयास लावले. तारीख, न्यायालय, गुन्हा, शिक्षा, दंड भरल्याचा दिवस, बंदीची मुदत संपल्याचा दिवस; सात ओळी उरल्या. शिक्षेच्या नोंदीची प्रत लेस्टरहून मागवून जोडली. आईचा एकच आग्रह होता, की 'मद्य' हा शब्द तेवढा टाळता आला तर पाहा. तो टाळता आला नाही. इंदूरकडील मंडळींना त्यांनी मग स्वतःच पत्र लिहून कळविले. त्याचे उत्तर यावयाचे आहे.

पत्रकात ओळखीच्या दोन जबाबदार व्यक्तींची नावे द्यावी लागतात. त्यांपैकी एक नाव आमचे आहे. दिवाळीनंतर चौकशीसाठी ठाण्याचे जमादार आले, ओसरीवर बसले आणि "छोकरो केवो छे?" असे त्यांनी विचारले. मुलगा कसा आहे ते आम्ही सांगितले, आणि इंग्लंडचे प्रकरणही सांगितले. त्यांनी कागद चाळून मान हलविली. लेस्टर कसे लिहितात ते आमच्याकडून एका चिठ्ठीवर लिहून घेतले, चहा घेतला, आणि दुसऱ्या नावाचा पत्ता विचारून रावपुऱ्याकडे निघून गेले. निर्णय अजून आलेला नाही. मुलगा दरम्यान बँकेच्या परीक्षेचाही अभ्यास करीत आहे, आणि पहाटे सयाजीबागेत त्याचे धावणे चालू आहे.