साडेसहा अंशांचा उतार

बॅगाटेल हा शब्द गिरगाव-दादरच्या चाळींत एके काळी इतका रुळला होता की, तो दूरदेशाहून आला असेल अशी शंकाही तिथल्या मुलांस कधी आली नाही. उन्हाळ्याची सुटी लागली की माळ्यावरून एक लाकडी फळी खाली उतरे. तिची वरची कड अर्धवर्तुळाकार, अंगावर खिळ्यांच्या लहान लहान कमानी, प्रत्येक कमानीत एक आकडा आणि उजव्या अंगाला गोटी सरकविण्याची चिंचोळी वाट. फळीच्या डोक्याखाली एखादे जाड पुस्तक सारून तिला उतार द्यावयाचा आणि काठीने गोटी ढकलावयाची. गोटी वरच्या कडेने वळसा घेई, खिळ्यांवर टणटण आपटत खाली येई, आणि शंभराच्या घरात आता शिरणार असे वाटत असतानाच एखाद्या खिळ्याला निसटता धक्का लागून भलतीकडे निघून जाई. ही सारी खटपट चाले ती भर दुपारी, वडीलधाऱ्यांच्या झोपेच्या वेळी. त्यामुळे या खेळात गुणांपेक्षा धपाटेच अधिक मिळत.

या खेळाचे कूळ मोठे राजेशाही आहे. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या धाकट्या भावाने १७७७ साली पॅरिसजवळ बॅगाटेल नावाचा एक लहानसा महाल बांधविला. तिथे हा खेळ रंगे, म्हणून त्यास महालाचेच नाव पडले, असे सांगतात. पुढे १८७१ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात माँटेग्यू रेडग्रेव्ह या गृहस्थाने काठीच्या जागी स्प्रिंगचा दट्ट्या बसविला आणि त्या सुधारणेचे पेटंट घेतले. १९३१ साली तिथे मंदीचे दिवस होते; हाताला काम नसलेल्या माणसांना एका नाण्यात घटकाभर मन रमविता येईल, असे याच खेळाचे एक यंत्र शिकागोत निघाले आणि ते दुकानादुकानांतून जाऊन बसले. मात्र गोटी एकदा सुटली की खेळणाराच्या हाती काही उरत नसे. ती उणीव १९४७ साली भरून निघाली. त्या वर्षीच्या एका यंत्रात बटण दाबताच उसळणारे लहान हात बसविले होते. त्यांना फ्लिपर म्हणतात. खाली येणारी गोटी या हातांनी पुन्हा वर उडविता येऊ लागली आणि आजचा पिनबॉल जन्मास आला.

तरीही हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद मिटला नव्हता. नशिबाचा म्हणजे जुगार, असे मानून न्यूयॉर्क शहराने १९४२ साली पिनबॉलवर बंदी घातली होती. ती चौतीस वर्षे टिकली. १९७६ साली रॉजर शार्प नावाच्या तरुणाने शहराच्या कारभाऱ्यांसमोर यंत्र मांडले, दट्ट्या ओढण्यापूर्वीच गोटी कोणत्या वाटेने जाईल ते बोलून दाखविले, आणि गोटी त्याच वाटेने गेली. बंदी उठली. एका गोटीने इतके मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण आठवत नाही.

आपल्याकडे पिनबॉलची मोठी यंत्रे फार थोड्यांनी पाहिली. मुंबईच्या मुलांस तो खेळ भेटला तो संगणकात. १९९५ नंतर विंडोज प्रणालीबरोबर अंतराळयानाचे चित्र असलेला एक पिनबॉल येऊ लागला आणि घरोघरचे, कचेऱ्यांतले आणि सायबर कॅफेतले संगणक त्याच्या टणत्काराने निनादू लागले. पुढे २००० साली रँडी डेव्हिस याने ‘व्हिज्युअल पिनबॉल’ हे सॉफ्टवेअर लोकांस फुकट दिले. त्यात कोणीही आपल्या मनाजोगे पिनबॉलचे टेबल उभारू शकतो. कालांतराने ते टेबल डोळ्यांस पेटी लावून, म्हणजे व्हीआर हेडसेट चढवून, जणू प्रत्यक्ष समोर उभे असल्याप्रमाणे पाहण्याची सोयही झाली.

लालबागमधील एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, अशी मांडणी करण्याचा घाट एका भावंडांच्या जोडीने घातला. दादा संगणकाची पदविका शिकत होता आणि सुटीत लॅमिंग्टन रोडवरील एका दुरुस्तीच्या दुकानात काम करीत होता. पट्टा तुटलेला एक जुना हेडसेट त्यास तिथे स्वस्तात मिळाला. धाकटी बहीण सातवीत होती. खोलीत माणसे सहा, खाट एक, लोखंडी कपाट एक. अशा जागेत तलवारी फिरविण्याचे किंवा धावण्याचे खेळ कोठून जमावेत? पिनबॉलला मात्र दोन पावलांपुरती जमीन पुरते. चाळीस हा खेळ फार सोयीचा आहे.

पहिल्या संध्याकाळी टेबल भलतेच नाचू लागले. कधी ते छताला टेकले, कधी जमिनीत निम्मे बुडाले. या हेडसेटला समोरून लहान कॅमेरे असतात. भिंतींचे कोपरे, खिडकीची चौकट, कॅलेंडर अशा खुणा हेरून आपण कोठे आहोत हे तो ठरवितो. कपाटाच्या आरशात त्यास दुसरी एक खोली दिसत होती आणि बिचारा गोंधळून जात होता. आजीचे जुने लुगडे आरशावर टाकताच टेबल जागच्या जागी स्थिर झाले. मग जमीन कोठे आहे हे हातातील कळपेटी फरशीला टेकवून त्यास सांगितले, तेव्हा टेबल योग्य उंचीवर आले.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. संगणकावर डावा फ्लिपर डाव्या शिफ्ट कळीने आणि उजवा उजव्या शिफ्ट कळीने उडतो. दट्ट्यासाठी एन्टर असते. परंतु डोळ्यांवर पेटी चढल्यावर कळा दिसतात कोणाला? दादाची बोटे चाचपडत, आणि तेवढ्यात चेंडू पसार होई. शिवाय डोळ्यांना लाकडी टेबल दिसावे आणि हातांना प्लास्टिक लागावे, यात काही गोडी नव्हती. हवी होती खरी लाकडी पेटी, दोन्ही बाजूंना खरी बटणे असलेली. आणि तीही चित्रातील टेबलाच्या कडा जिथे दिसतात, नेमकी तिथे उभी केलेली.

“दादा, पेटी आजोबा करतील,” बहीण म्हणाली.

आई काही बोलली नाही. आजी म्हणाली, “आत्ता नको गं. ऑपरेशन होऊ दे.”

आजोबा एका गिरणीच्या साचाखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणण्याचा माग. मागावर उभ्या ताण्यांमधून आडवा धागा नेतो तो धोटा. टोकाला पोलाद बसविलेला हा लाकडी तुकडा या अंगावरून त्या अंगाला सुसाट धावतो आणि क्वचित कधी वाट चुकून बाहेर उडतो. १९७८ साली असाच एक धोटा उडाला आणि आजोबांचा डावा डोळा गेला. चार वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील पुष्कळांना गिरणीचा दरवाजा पुन्हा आतून पाहावयास मिळाला नाही. आजोबा त्यांपैकीच. त्यांनी सुतारकाम शिकून घेतले आणि गणेशोत्सवाच्या मंडपांच्या चौकटी उभारून संसार चालविला. आता उरलेल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हल्ली सोपी असते, हे घरात सर्वांस ठाऊक होते. परंतु ज्याचा एकच डोळा आहे त्याच्या घरी ‘सोपी’ हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. आजोबांच्या हत्यारांची पेटी आजीने खाटेखाली अगदी आत सारून ठेवली होती.

ती आजोबांनी स्वतःच ओढून काढली. “तारखेला अजून बारा दिवस आहेत,” ते म्हणाले. “तोवर बसून काय मोजू?”

माळ्यावर मुलांच्या बाबांच्या लहानपणची बॅगाटेलची फळी होती. तिला हात न लावता फळांच्या खोक्याच्या फळ्या घेतल्या गेल्या. आजोबा नजरेपेक्षा बोटांनी अधिक मापत. कडेवरून अंगठा फिरवीत, आणि जिथे तो अडे तिथे रंधा मारीत. दादाने एका जुन्या कीबोर्डच्या आतील पट्टी काढून शिफ्ट कळींच्या जागी तारा डाखल्या आणि त्या दोन मोठ्या बटणांस जोडल्या. पेटी स्टुलावर ठेवून, पाणसळ लावून, ती जागेवर सरळ बसविण्यात एक आख्खा रविवार गेला. बहीण हेडसेट घालून सांगे, “आजोबा, चित्रातली कड अजून दोन बोटं पुढं आहे,” आणि आजोबा स्टूल सरकवीत. अखेर एकदा तिने दिसणाऱ्या कडेवर हात ठेवला आणि तळव्याला लाकूड लागले. ती ओरडलीच.

आता आजोबांनी खेळावे, असे तिला वाटत होते. पण एक शंका तिला खात होती. हेडसेटमध्ये दोन डोळ्यांना दोन निराळी चित्रे दाखवितात. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांत सुमारे ६३ मिलिमीटरांचे अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळ्यास जग किंचित वेगळे दिसते. अंगठा समोर धरून एकेक डोळा आळीपाळीने मिटला तर अंगठा उडी मारतो, हे कोणासही करून पाहता येईल. या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. मग एकाच डोळ्याच्या माणसास ते टेबल भिंतीवरच्या कॅलेंडरासारखे सपाट दिसणार की काय?

तिने भीत भीत विचारले. आजोबा हसले. “पोरी, इतकी वर्षं एका डोळ्यानं खिळे ठोकतोय. एकदा तरी अंगठ्यावर हातोडी मारलेली पाहिलीस?”

त्यांनी हेडसेट चढविला आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडे झुलविली. लोकलच्या खिडकीत बसले की रुळांजवळचे खांब भराभर मागे पळतात आणि दूरची उंच इमारत मात्र आपल्याबरोबर चालत राहते. जवळचे अधिक सरकते, लांबचे कमी. एक डोळा असलेली माणसे याच युक्तीने अंतर जोखतात. हेडसेट मान हलली की दर क्षणी चित्र नव्याने काढतो, सेकंदास नव्वद वेळा देखील. म्हणून त्यातही ही युक्ती चालते. “धुकं आहे,” आजोबा म्हणाले, “पण टेबल लांबवर गेलंय. शेवटाला चढ आहे.” तो चढ साडेसहा अंशांचा असतो. खऱ्या यंत्राचा उतारही सामान्यतः तेवढाच ठेवतात, आणि त्यावरून सत्तावीस मिलिमीटर व्यासाची, ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी धावते. संगणकातील गोळीला वजन नसते. तरी ती त्याच हिशेबाने धावते.

बारा दिवसांत आजोबांनी रोज पाच डाव खेळले, त्याहून अधिक नाही. आजीचा तसा दंडकच होता.

शस्त्रक्रिया परळच्या एका रुग्णालयात झाली. आजोबा संध्याकाळी घरी आले ते उजव्या डोळ्यावर पट्टी बांधूनच. त्या रात्री त्यांना काहीच दिसत नव्हते. ते खाटेवर बसून राहिले. खोलीत कोणास काय बोलावे ते सुचेना. मग त्यांनी विचारले, “संगणक बंद का?”

दादाने तो चालू केला. आजोबा उठले, चाचपीत पेटीपाशी गेले, दोन्ही तळवे लाकडावर टेकले. डोळ्यांवर हेडसेट नव्हता. संगणकाच्या दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांतून गोळी घरंगळण्याचा आवाज येत होता. पहिली गोळी गेली, दुसरीही गेली. तिसरीच्या वेळी त्यांनी मान किंचित कलती केली. शेकडो साच्यांच्या खडखडाटात आपल्या साच्याचा बिघडलेला ठोका ज्या कानांनी ओळखला होता, ते कान आता डावा कर्णा आणि उजवा कर्णा वेगळे करीत होते. आवाज डावीकडून खाली आला. डावे बटण वाजले. गोळी वर गेली.

“लागली!” बहीण म्हणाली.

“गप. ऐकू दे.”

अशी ती चार वेळा वर गेली. आजी दाराशी उभी होती. पाच डावांचा दंडक तिने त्या रात्री बोलून दाखविला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आजोबा घरी परतले, चहा प्यायले, आणि उगीचच खोलीभर पाहत राहिले. मग पेटीसमोर जाऊन वाकू लागले, तशी आजी धावली. डॉक्टरांनी वाकू नको म्हणून बजावले होते. ते सरळ झाले. “उजवी कड अर्धा सूत वर राहिली आहे,” ते नातीस म्हणाले. “परवा दिसली नाही. रंधा आण. मी सांगतो, तू मार.”