झोपलेल्या मारुतीची खोली

पहिल्या रात्री मी विहिरीजवळून हललोच नाही. काळी स्क्रीन आणि तिच्यावर इंग्रजीत चार-पाच ओळी. तुम्ही गावाच्या चौकात उभे आहात, मधोमध विहीर आहे, उत्तरेला खानावळ, पूर्वेला वेस. चित्र नाही, आवाज नाही. खाली कर्सर लुकलुकतोय. मी टाइप केलं, ‘मला विहिरीत डोकावून बघायचं आहे, कृपया.’ उत्तर आलं, समजलं नाही. मग जरा सविस्तर लिहिलं. तेही समजलं नाही. अर्ध्या तासाने खानावळीतून आलेल्या कुणा अनोळखी खेळाडूला माझी दया आली. त्याने सांगितलं, यंत्राला क्रियापद आणि नाम एवढंच कळतं. ‘बघ विहीर.’ सरकारी कार्यालयांत अर्ज लिहून तयार झालेला माझा हात, त्याला ही भाषा अवघडच गेली.

नुसत्या शब्दांच्या या खेळांना मड म्हणतात. चिखलाशी संबंध नाही; अनेकांनी एकाच वेळी फिरायचं भुयार, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. पहिला मड १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी रचला. आपल्याकडे १९९५ च्या पंधरा ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा विद्यार्थ्यांना मिळणारं स्वस्त खातं नुसत्या अक्षरांचंच होतं. चित्रं बघायला जास्त पैसे. मी या खेळात आलो तो त्याहून साध्या कारणाने. मध्य प्रदेशाच्या सरहद्दीवरच्या जामसांवलीत आमच्या घरी रेंज येते ती ओसरीच्या एका कोपऱ्यात, आणि तीही मनात असेल तेव्हा. चित्रांचे खेळ तिथे गोठून बसतात. अक्षरं मात्र येतात. या स्क्रीनचं जुनं माप ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी, म्हणजे पान काठोकाठ भरलं तरी १,९२० अक्षरं, दोन केबीच्या आत. एवढं तर पावसाळ्यातही उतरतं.

(पाटीवर ‘जामसांवली’ लिहिलेलं असतं. ते हिंदी. बोलताना आम्ही जामसावळी म्हणतो.)

आता माझी फजिती सांगतो. खेळात उतरण्याआधी आपलं पात्र तयार करायचं असतं. मी केला तो एक राजपुत्र. अनाथ, निळ्या डोळ्यांचा, सुडाने पेटलेला, पाठीवर वडिलांची तलवार. त्याचा इतिहास लिहायला मला आठ दिवस लागले. एवढं भांडवल घेऊन खानावळीत शिरलो आणि पहिलंच वाक्य टाकलं की माझ्या राजपुत्राने कोपऱ्यातल्या सैनिकाच्या मुस्काटात मारली आणि तो भुईवर कोसळला. खानावळ चिडीचूप. मग त्या सैनिकाच्या मागे जो कोणी बसला होता, जगाच्या कुठल्या टोकाला कोण जाणे, त्याने मला बाजूला घेऊन लिहिलं, हात उगारलास एवढं तू लिही. लागला की नाही ते मी लिहीन.

या जगातला पहिला नियम हाच. दुसऱ्याच्या पात्राचा हात आपण हलवायचा नाही. आपलं वाक्य असं सोडायचं की त्याला धरता येईल. आपण म्हणायचं, दार वाजलं. कोण आहे ते दुसऱ्याला ठरवू द्यायचं.

आणि मला एकदम खडी गंमत आठवली, आमच्याकडचं लोकनाट्य. लहानपणी पाहिलेली, कंदिलांच्या नव्हे, ट्यूबलाइटच्या उजेडातली. सोंगाड्या एवढा रंगात आला की समोरच्या पाटलाचे जबाबही तोच देऊ लागला. पाटील नुसता मिशीवर हात ठेवून उभा. शेवटी पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, ‘अबे, त्यालेही बोलू दे ना!’ लोक हसले, पण सोंगाड्या वरमला. कोकणातल्या दशावतारात तर संवाद परंपरेने लिहिलेलेच नसतात. कथा ठरते, कोण कोणाचं काम करणार ते ठरतं, आणि पुढे शब्द रंगमंचावर समोरच्याचा शब्द ऐकून सुचतात. ज्याला ऐकता येत नाही, तो तिथे उघडा पडतो. इंग्रजीतल्या खानावळीत मी उघडा पडलो तो याच गोष्टीपायी, आणि तोवर मला वाटत होतं की माझं इंग्रजी कच्चं आहे.

बार्टलने १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार केले आणि त्यांना पत्त्यांची नावं दिली. चौकट म्हणजे माल आणि गुण जमवणारे. इस्पिक म्हणजे कानाकोपरा खोदणारे. इंग्रजीत इस्पिकाला फावड्याचंच नाव आहे. बदाम गप्पांसाठी येणारे, आणि किल्वर दुसऱ्याच्या डोक्यात सोटा घालायला येणारे. मी स्वतःला इस्पिक समजत होतो. सहा महिन्यांनी कळलं, मी पक्का बदाम आहे. गुण वाढत नव्हते, गुहा सापडत नव्हत्या, पण खानावळीत आपली जागा ठरलेली होती.

तरी एक खुपायचं. मी कधी मराठी शब्द टाकला की समोर प्रश्नचिन्हांची रांग उमटायची. तो जुना सर्व्हर इंग्रजी अक्षरांपलीकडे काही ओळखतच नव्हता. त्याचा राग धरायचं कारण नव्हतं. सरहद्दीवरच्या माणसाला याची सवय असते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून शाळेत एक, घरात एक, नागपूरच्या एसटीत बसलं की तिसरी, अशी आमची जीभ सारखी सोंग पालटते. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि ओसरीवर बसल्या बसल्या आमचा पत्ताही बदलला. पात्र बदलायला आम्हाला कोणी शिकवायला नको. आपल्याच बोलीत पात्र करावं, हे मात्र सुचायला मला दोन वर्षं लागली.

सुचलं ते एका जुन्या खेळाची गोष्ट वाचताना. मडच्याही आधी, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, अमेरिकेत विल क्राउथर नावाच्या प्रोग्रामरने शब्दांतली एक गुहा रचली. क्राउथर स्वतः गुहा धुंडाळणारा होता. केंटकीमधल्या मॅमथ केव्हचे नकाशे करायला तो मदत करत असे. लग्न मोडलं. मुली भेटायला येत, त्यांना खेळायला म्हणून त्याने पायाखालची तीच गुहा शब्दांत उतरवली. पुढे डॉन वुड्सने तीत भर घातली आणि हा प्रकार जगभर पसरला. माझ्यासाठी गोष्टीतला मुद्दा एवढाच, की या बापाने परीराज्य शोधलं नाही. ज्या जागेतून तो रांगत गेला होता, तीच लिहिली.

मग आम्ही पाच जणांनी मराठीत खेळ मांडला. साधा गप्पांच्या ॲपवरचा गट. सर्व्हर नाही, यंत्र नाही, उत्तरं माणसंच देतात. नागपूरचा माझा वर्गमित्र, दुबईत नोकरीला असलेला एक लातूरकर, बंगळुरूला राहणारी अमरावतीची एक ताई, आणि एक निवृत्त मास्तर, जे ऱ्हस्वदीर्घ चुकलं की खेळ थांबवतात. जो जग मांडतो आणि ‘पुढे काय झालं’ ते सांगतो, त्याला इंग्रजीत मास्टर म्हणतात. आम्ही सूत्रधार म्हणतो. शब्द शोधावा लागला नाही. या खेळात मैदान असो की नदी, प्रत्येक जागेला खोलीच म्हणायची रीत आहे, तीही ठेवली. माझा राजपुत्र मी निवृत्त केला आणि संत्र्याच्या बागेत रात्री जागलीला जाणारा एक माणूस घेतला. हातात टॉर्च, अंगावर चादर, रानडुकरांवर डोळा. त्याचा इतिहास दीड ओळीचा आहे. त्याच्याशी लोक तासन् तास बोलतात.

बंगळुरूच्या ताईला नियम सांगावेच लागले नाहीत. ती म्हणाली, हे तर भुलाबाईचंच! आणि खरंच की. भुलाबाईच्या खेळात पोरींची गाणी झाली की घरवाली झाकलेला डबा हातात घेऊन हलवते, आणि पोरी विचारत सुटतात. गोड की तिखट? कोरडं की ओलं? आवाजावरून, वासावरून, तिच्या चेहऱ्यावरून अंदाज करत झाकणाखालचा खाऊ ओळखायचा. दिसत काहीच नाही, आणि प्रश्न नीट विचारला तरच डबा उघडतो.

सूत्रधार म्हणून माझी पहिली खोली मी लिहिली ती आमच्या देवळाची. इथला मारुती उभा नाही, गदा उगारलेला नाही. पिंपळाच्या सावलीत आडवा झोपलेला आहे. सांगतात, पूर्वी तो उभा होता. पायाखालचं धन न्यायला चोर आले, तेव्हा त्यावर आडवा झाला, आणि मग कोणाच्याने हलला नाही. नाभीतल्या पाण्याला भाविक तीर्थ मानतात. बाधा झालेली म्हणून आणलेली माणसंही इथे असतात, दिवसच्या दिवस राहतात. त्यातलं कोणी अचानक परक्या आवाजात बोलू लागतं. ते मी खोलीत लिहिलं नाही. दुसऱ्याचा आवाज हौसेने घेणं वेगळं आणि तो मानगुटीवर बसणं वेगळं. ज्याचं दुखणं आहे त्याच्या घरच्यांसमोर त्याला खेळ म्हणण्याची माझी हिंमत नाही.

देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला इंटरनेटवर सहसा तीन बाइट लागतात. म, काना, र, उकार, त, वेलांटी. सहा चिन्हं, अठरा बाइट. चोरांना न हललेला मारुती ओसरीच्या कोपऱ्यातून एका दमात बंगळुरूला पोचला.

ताई खोलीत आली. पिंपळ बघितला. शेंदराचा वास घेतला. आणि लिहिलं, ‘उठव मारुती.’

झाली पंचाईत. यंत्र असतं तर म्हणालं असतं, समजलं नाही. पण सूत्रधार मी. मारुतीचं पात्र कोणाचंच नव्हतं, आणि दुसऱ्याचा हात हलवायचा नाही हा तर नियम. उठला म्हणावं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. उठत नाही म्हणावं तर देवाच्या वतीने नाही म्हणणारा मी कोण? दहा मिनिटं गेली. दुबईहून लातूरकराने विचारलं, रेंज गेली का? आई मागे तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, एक बाई मारुतीला उठवतेय, काय सांगू. तिने ताटातून मान वर केली नाही.

‘झोपू दे म्हणा. दमला असन.’

मी तेच पाठवलं, जसंच्या तसं. मास्तरांनी ‘असन’ दुरुस्त केलं नाही. थोड्या वेळाने ताईची ओळ आली. मी आवाज न करता नारळ ठेवते आणि पारावर बसते. लातूरकर आला, चपला बाहेर काढल्या असं त्याने लिहिलं, आणि तोही बसला. त्या रात्री खेळात आणखी काहीच घडलं नाही.

पुढे वर्गमित्राने गोटमार घालू म्हणून हट्ट धरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळस रोवतात, त्यावर झेंडा, आणि पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, माणसं गेलेलीही आहेत. तो म्हणाला, शब्दांनी कोणाचं डोकं फुटतं? मी त्याला लॅम्बडामूची हकीकत सांगितली. अक्षरांच्याच त्या जगात १९९३ च्या सुमारास एका खेळाडूने दुसऱ्यांच्या पात्रांवर, त्यांचे हात स्वतः हलवत, घाणेरडे अत्याचार लिहिले. ज्यांच्यावर लिहिले त्यांतली एक आपल्या घरी खरीखुरी रडली, आणि त्या गावाला आपला कायदा करायला बसावं लागलं. गोटमार आमच्या खेळात आली नाही. नदी आहे, पळस आहे, झेंडाही आहे.

नव्याने यायचं असेल त्याने मोठा इतिहास आणू नये. नाव, धंदा आणि एखादी वस्तू पुरे. सध्या आम्ही पाच आहोत, मृगाचा बहार झाडावर आहे, आणि दोन बागांना जागलीसाठी माझा एकच माणूस पुरत नाही. कोणी येत असेल तर टॉर्च आपली आणावी.