मंदी सगळ्यांना, सूट मात्र आमच्याच घरावर



अण्णांचे घर आम्ही विकले. ऑक्टोबर 2016 मध्ये विकायला काढले आणि मार्च 2022 मध्ये खरेदीखत झाले. एक घर विकायला साडेपाच वर्षे का लागली, हे चळवळीतल्या पोरांनी वारंवार विचारले. 'मार्केट स्लो आहे' एवढे उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे इथे लिहितो आहोत. आम्ही म्हणजे दोन भाऊ आणि एक बहीण. जिथे आमचे एकमत नव्हते तिथे तसे सांगू.

आधी घराविषयी. अण्णा 1974 ला परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातून मिलिंद महाविद्यालयात शिकायला औरंगाबादला आले. 27 जुलै 1978 ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. त्यात आमच्या आजोबांचे घरही गेले. अण्णा आजी-आजोबांना शहरात घेऊन आले ते कायमचे. पुढे चिकलठाण्याच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. 1986 ला पतसंस्थेचे कर्ज काढून विद्यापीठाच्या अलीकडे वीस बाय तीसचा प्लॉट घेतला. आधी पत्र्याच्या दोन खोल्या, मग स्लॅब, मग वरचा मजला. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तेव्हा वरच्या मजल्याच्या विटा दारात पडल्या होत्या. त्या ढिगावर चढून अण्णांनी निळा झेंडा लावला होता, हे आमच्यातल्या थोरल्याला स्पष्ट आठवते. नगराचे नाव लिहीत नाही. ते 'भीम' या अक्षरांनी सुरू होते एवढे पुरे, कारण पुढची सगळी गोष्ट त्या अक्षरांचीच आहे.

अण्णा 2015 ला गेले. आईचे गुडघे गेले होते, जिना चढवत नव्हता. धाकटा पुण्यात, ताई नाशिकला, थोरला बदलीच्या नोकरीत. आईला एकटी ठेवता येईना. म्हणून घर विकायचे ठरले.

पहिले गिऱ्हाईक लगेच आले होते, हेही सांगितले पाहिजे. एका वाळूवाल्या गृहस्थाने ऑक्टोबरअखेर घर पाहिले, 28 लाखांना तयार झाला, दिवाळी झाली की इसार देतो म्हणाला. 8 नोव्हेंबरला रात्री नोटबंदी जाहीर झाली आणि त्याचा फोन कायमचा बंद झाला.

नोटबंदीने आमच्यासारख्या घरांचे काय केले हे समजून घ्यायचे तर गुंठेवारी समजून घ्यावी लागेल. शेतकऱ्याने आपल्या गटातले तुकडे पाडून विकले. एन.ए. नाही, मंजूर लेआउट नाही, त्यामुळे बांधकाम परवानाही नाही. मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता, आणि ज्यांना परवडत होता त्यांनाही आडनाव ऐकल्यावर तो 'नुकताच गेला' असे सांगितले जायचे. म्हणून आपल्या लोकांनी शहराच्या कडेला गुंठ्यागुंठ्याने जागा घेतल्या. घरपट्टी मनपा घेते, नळपट्टी घेते, मतदानाला बूथ देते, पण बँक अशा घरावर कर्ज देत नाही. म्हणजे घेणारा रोखीचाच हवा. आणि नोटबंदीनंतर आटला तो नेमका हाच घेणारा. मंजूर फ्लॅट घेणाऱ्याला बँक होती, आमचे घर घेणाऱ्याच्या मागे कोणीच नव्हते. बाजार एकच होता, त्यातली मंदी मात्र दोन प्रकारची होती.

इथपर्यंत आम्हीही स्वतःला समजावत होतो की हा कागदांचा प्रश्न आहे. सगळ्याच गोष्टी जातीवर ढकलू नयेत, असे आमच्यातला धाकटा सांगायचा, आणि ते बरोबरही आहे. घर दक्षिणमुखी होते. वास्तुशास्त्र पाहणारे तीनजण दारातूनच होकायंत्र काढून परत गेले. त्यांच्या अंधश्रद्धेचीही किंमत आम्हीच मोजली, पण ती दक्षिणेकडे तोंड असलेल्या कोणत्याही घराला मोजावी लागते. त्याची तक्रार नाही.

शंका आली ती 2019 च्या दिवाळीत. नाल्याच्या पलीकडे दुसरे नगर आहे. त्याच शेतकऱ्याचा गट, तोच वीस बाय तीस, तीच गुंठेवारी, घरही आमच्यासारखेच दोन मजली आणि तेही दक्षिणमुखी. ते घर 31 लाखांना गेले. आम्हाला त्या वर्षातली सर्वात मोठी ऑफर 21 लाखांची होती. मध्ये नाल्याशिवाय काही नाही. तो पावसाळ्यात दोन्हीकडे सारखाच तुंबतो.

मग आम्ही एक उद्योग केला. जाहिराती दोन दिल्या, नंबर वेगवेगळे. एकीत नगराचे नाव घातले. दुसरीत लिहिले, 'विद्यापीठ परिसर, लेण्यांच्या रस्त्यालगत, शांत वस्ती'. दोन्ही जाहिराती खऱ्या होत्या. पहिलीवर महिनाभरात चार फोन आले, चौघेही आपलेच. दुसरीवर एकोणीस. त्या एकोणीसमधल्या बहुतेकांनी दुसरे किंवा तिसरे वाक्य हेच विचारले, 'म्हणजे नेमके कोणते नगर?' नाव सांगितल्यावर कोणी उद्धट बोलले नाही. सगळे फार सभ्य होते. 'घरच्यांशी बोलून सांगतो.' 'मुलांच्या शाळेला लांब पडेल.' एक जण म्हणाला, 'तिकडे जयंतीचा आवाज फार असतो ना?' जयंती वर्षातून एकदा येते. त्याच्या गल्लीतले गणपतीचे दहा दिवस आम्ही मोजले नाहीत.

सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि लगतच्या शहरांत भाड्याच्या घरांवर अभ्यास केला, तो 2015 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. दलित आणि मुस्लिम म्हणून घर मागणाऱ्याला कसे टाळले जाते, हे त्यात आहे. भाड्याने घर मागताना जात आडवी येते हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. घर विकतानाही ती येते, याची चर्चा आपल्या बैठकांत होत नाही, कारण विकायला घर असलेली आपली ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. आणि यात तक्रार कुठे करायची? घरमालकाने जातीवरून हाकलले तर निदान बोट दाखवायला माणूस असतो. घर न घेणारा कोणाचाही गुन्हेगार नसतो. कोणाचे घर घ्यायचे नाही हे ठरवायचा त्याला पूर्ण हक्क आहे. असे एकोणीस जण आपापला हक्क वापरतात आणि आमच्या घराची किंमत दहा लाखांनी खाली येते. मुद्रांक शुल्क मात्र खाली येत नाही, ते रेडीरेकनरच्या दराखाली सरकत नाही. सरकारी दरापेक्षा फार कमी किमतीला विकले तर विकणाऱ्यालाही आयकर सरकारी किंमत धरूनच लागतो. जातीमुळे पडलेल्या किमतीला कोणत्याही फॉर्मवर रकाना नाही.

आता दलालाविषयी. वाईट माणूस नव्हता. घरी यायचा, चहा प्यायचा, आईला मावशी म्हणायचा. त्याने 2020 च्या सुरुवातीला सल्ला दिला, "मावशी, एक करा. हॉलमधले ते फोटो तेवढे आत ठेवा, दारावरची पाटी काढा, गेटचा निळा रंग बदलून क्रीम मारा. पार्टी आत आली की घर आवडतंच. आधी आत तर येऊ द्या." हॉलमध्ये बुद्ध, बाबासाहेब, रमाई आणि अण्णांचा फोटो. पाटीवर अण्णांचे नाव आणि वर 'जयभीम'.

आम्हा तिघांत यावर मोठे भांडण झाले. धाकट्याचे म्हणणे, हा फक्त व्यवहार आहे, भिंत रिकामी केल्याने विचार रिकामा होत नाही. त्याने दाखलाही दिला की बाबासाहेबांनी स्वतः दादरची चारमिनार इमारत विकली होती, वास्तूला कवटाळून ते बसले नाहीत. ताई म्हणाली, इमारत विकली, पण विकण्यासाठी नाव लपवले का? थोरला मधल्यामध्ये. खरे सांगायचे तर आठ-दहा लाखांचा फरक असेल तर दोन दिवस फोटो कपाटात ठेवायला आमच्यातले दोघे तयार होते. हे लिहायला आम्हाला लाज वाटते, पण लिहिणे भाग आहे. कारण हाच प्रश्न उद्या तुमच्यापुढे येणार आहे आणि तेव्हा तुम्ही एकटे असाल, सभेत नसाल.

आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "घर इकायचंय, बाबासाहेब नाही." पाटी राहिली, रंग राहिला. मग आले लॉकडाऊन, आणि येणारी माणसेच थांबली. सरकारने 1 सप्टेंबर 2020 पासून मुद्रांक शुल्कात तीन टक्के सवलत दिली तेव्हा बाजार हलला, पण तो सातारा-देवळाई आणि बीड बायपासच्या नव्या फ्लॅटकडे हलला. आमच्या गल्लीत त्या सवलतीचा एकही फोन आला नाही.

2021 ला गुंठेवारीच्या 2001 च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे नियमित करायचा मार्ग खुला झाला. त्याच जुलैत तुकड्यांची दस्तनोंदणी रोखणारे परिपत्रक निघाले, म्हणजे प्रमाणपत्राशिवाय विकणेही बंद. आम्ही फी भरली, नकाशे काढले, अण्णांच्या ट्रंकेतली 1986 पासूनची प्रत्येक पावती झेरॉक्स केली. लाखाच्या घरात खर्च गेला. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र हातात आले. ज्यांची घरे गुंठेवारीत आहेत त्या सगळ्यांना विनंती की विकायचे असो वा नसो, हे काम आई-वडील हयात असतानाच करा. वारसांच्या सह्या गोळा करण्यात आमचे जेवढे दिवस गेले तेवढे मनपातही गेले नाहीत.

सह्यांवरून एक कबुली. वारसनोंदीच्या वेळी गावाकडच्या काकांनी सहज सुचवले, 'ताईचे हक्कसोडपत्र करून टाका, सुटसुटीत होईल.' आम्ही दोघे भाऊ गप्प बसलो. नाही म्हणालो नाही, गप्प बसलो. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचा फोटो त्याच भिंतीवर होता. ताईने काकांना काही न बोलता आमच्या दोघांकडे पाहिले, तेवढे पुरले. अण्णांची स्वकष्टार्जित मिळकत, त्यामुळे आई आणि आम्ही तिघे असे चार समान हिस्से झाले. या परिच्छेदातला मजकूर ताईच्या आग्रहाने आला आहे.

आता कागद स्वच्छ होते आणि बँक कर्ज द्यायला तयार होती. कागदांमुळे भाव पडला होता असे मानले तर तो आता पूर्ण वर यायला हवा होता. तो चढला, पण 25 लाखांवर थांबला. नाल्यापलीकडे तोवर तसलेच घर 34 ला गेले होते.

घेणारी घाटी रुग्णालयात नर्स आहे, आपलीच, नवऱ्याच्या पश्चात दोन मुली वाढवणारी. नुसत्या बाईच्या नावावर घर घेतले की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती तिने बरोबर शोधून काढली होती. तिने भावात घासाघीस केली, आणि का करू नये? तिलाही पलीकडच्या नगरात घर पाहताना 'नुकतेच गेले' असे सांगितले गेले होते. म्हणजे पलीकडे तिला विकत नाहीत आणि अलीकडे आमचे घेत नाहीत. मग आपण आपल्यातच, पाडलेल्या भावात, एकमेकांची घरे घेत राहतो. वस्ती अशीच वस्ती राहते.

काही कार्यकर्ते मित्र म्हणाले, शिकलेले लोक वस्ती सोडून जातात, तुम्हीही गेलात. या आरोपाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हणून सांगितले, अण्णांनी सोडले. शहरातली वस्ती सोडावी की नाही, हे आम्हाला त्यांच्या नावाने ठरवायचे नाही. एवढे मात्र खरे की धाकट्याने आपल्या हिश्शात भर घालून पुण्यात फ्लॅट पाहायला सुरुवात केली, तेव्हा तिसऱ्या सोसायटीत सेक्रेटरीने त्याला पूर्ण नाव विचारले, मग गाव, मग 'गावात कुठे?'

खरेदीखताच्या दिवशी निबंधक कार्यालयाबाहेर आईने किल्ल्या त्या बाईच्या हातात दिल्या आणि वरच्या मजल्यावरचा नळ कोणत्या बाजूला फिरवायचा ते सांगत बसली. आम्ही दलालाचा हिशेब करत होतो. दोन टक्के. आम्ही म्हणालो, भाव इतका पडला, दलालीत काही सूट द्या. तो हसून म्हणाला, "सर, आमचा रेट सगळ्यांना सारखा असतो."