पाच शाह्यांतली पाचवी

विजापूर, गोवळकोंडा, अहमदनगर, बिदर आणि वऱ्हाड. बहमनी राज्य फुटून झालेल्या पाच शाह्या आपण सगळ्यांनीच शाळेत घोकल्यात. आता जरा आठवा, यातल्या कुठल्या राजांच्या कबरी तुम्ही पाहिल्यात? विजापूरचा गोलघुमट सहलीत झालेला असतो. गोवळकोंड्याचे कुतुबशाही घुमट हैदराबादच्या प्रत्येक ट्रिपमध्ये असतात. बिदरला बरीदशाही कबरी आहेत, आताच्या अहिल्यानगरात बाग रौजा आहे. आणि वऱ्हाड? तिथे गाडी अडते. गंमत म्हणजे अमरावती-अकोल्याच्या मुलांचीही अडते. मी त्यांच्यातलीच एक.

वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होती एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. परतवाड्याला अगदी खेटून. अमरावतीहून एसटीने जेमतेम पन्नास किलोमीटर. पण परतवाडा आपल्यासाठी फक्त चिखलदऱ्याला जाताना चहाला थांबायचं गाव. गाडीतून उतरायचं, गरम गिला वडा खायचा आणि घाट चढायचा. यंदा म्हटलं, घाट नंतर. आधी खालचे राजे भेटूयात.

हे डोक्यात शिरलं ते सोलमुळे. माझी एक मैत्रीण ऑनसाइटवर कोरियात होती. तिचं ऑफिस गंगनममध्ये, काचेच्या टॉवरमध्ये, आणि लंच ब्रेकला ती चालायला जायची ते चक्क राजांच्या थडग्यांशी! सनजंगनुंग नावाची ही जागा मेट्रो स्टेशनच्या शेजारीच. हिरवळीचे मोठे गोल उंचवटे, भोवती दगडी अधिकारी आणि सैनिक पहाऱ्याला, दगडाचे वाघ नि मेंढ्या. पुढे लाल खांबांची कमान आणि पूजेची वास्तू. जोसॉन घराण्याने 1392 पासून 1910 पर्यंत राज्य केलं. त्यांच्या 18 ठिकाणच्या 40 समाध्या 2009 साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. राजघराण्याचे वंशज आजही दरवर्षी तिथे विधी करतात.

मैत्रिणीने सांगितलेली एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. 1592 च्या जपानी आक्रमणात सनजंगनुंगच्या कबरी उकरल्या गेल्या. आत राजांचे अवशेष उरले नाहीत. तरी नाव आहे, पाटी आहे, नमस्कार आहे. म्हणजे तिकडे राजा नाही, पण कबर आहे. आमच्याकडे बहुधा उलटं!

परतवाड्याच्या स्टँडवर ऑटोवाल्याला म्हटलं, हौज कटोऱ्याला जायचंय. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ''ताई, तिथं काय हाय पाह्यले? दर्ग्यात चाला ना.'' त्याचं अगदीच चुकत नव्हतं. बिच्छन नदीकाठचा दुल्हा रहमान गाझींचा दर्गा हे अचलपूरचं सगळ्यात जिवंत ठिकाण. गाझी लग्नाच्या मांडवातून उठून लढाईला आले आणि इथे पडले अशी कथा, म्हणून ते दुल्हा. ज्याच्यावरून एलिचपूर नाव पडलं म्हणतात, तो ईल राजाही याच कथेत येतो. इतिहास यातलं किती मान्य करेल हा भाग वेगळा, पण दोघांचीही नावं लोकांच्या तोंडी आहेत.

इमादशहांचं तसं नाही. 1490 मध्ये स्वतंत्र झालेला फतहुल्ला इमाद-उल-मुल्क मूळचा कानडी हिंदू मुलगा. विजयनगरच्या स्वारीत पकडला गेला, वऱ्हाडात वाढला, मुसलमान झाला आणि राज्याचा धनी झाला. यावर वेबसीरिज कशी नाही निघाली, देव जाणे! त्याच्यामागून अलाउद्दीन, मग दर्या. दर्याचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला तेव्हा पोर होता. वजीर तुफालखानाने त्याला नरनाळ्याच्या किल्ल्यात डांबून सत्ता हातात घेतली. बुऱ्हाणला सोडवायचं निमित्त करून अहमदनगरचा मूर्तझा निजामशहा आला आणि 1574 मध्ये त्याने अख्खं वऱ्हाडच गिळलं. वजीरही कैदेत, पोरगा राजाही कैदेत. दोघेही तिथेच संपले.

कोरियातही असाच एक मुलगा होता. दानजोंग. 1455 मध्ये काकाने त्याला गादीवरून उतरवलं, 1457 मध्ये तो हद्दपारीत मेला. पण 1698 मध्ये दरबाराने त्याला राजेपद परत दिलं आणि त्याच्या थडग्याला राजाच्या समाधीचा मान मिळाला. 241 वर्षांनी का होईना, कोणीतरी फाइल उघडली. बुऱ्हाणची फाइल कोण उघडणार? त्याला आपला म्हणणारं घराणं उरलं नाही आणि आपल्या आजच्या भांडणांत तो कोणाच्याच कामाचा नाही. वऱ्हाड वेगळं हवं म्हणणाऱ्या भाषणांतसुद्धा वऱ्हाडच्या या स्वतंत्र राज्याचं नाव मी कधी ऐकलेलं नाही.

हौज कटोरा गावाबाहेर, पश्चिमेला. गोल हौदाच्या मधोमध अष्टकोनी इमारत, चहूबाजूंनी कमानी. आज तीन मजले आहेत. मुळात पाच होते आणि वरचे दोन पुढच्या नवाबांनी आपल्या बांधकामासाठी उतरवले असं सांगतात. हे नवाब म्हणजे निजामाच्या हाताखालचे पन्नी पठाण. इस्माईलखानाने शहराला दगडी कोट घातला, सलाबतखान 1803 च्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने होता. त्यांच्या कबरी देखण्या आहेत, नावंही लोकांना ठाऊक आहेत. इमादशहाचं नाव लिहिलेली पाटी शोधत मी दुपारभर फिरले, मला एकही दिसली नाही.

फतहुल्लाला भेटायचं असेल तर मग घाट चढाच. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाची त्याने डागडुजी केली होती. तिथल्या शार्दूल दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलाय. विजयनगरकडचं हे चिन्ह वऱ्हाडातल्या सुलतानाच्या दारावर! धर्म बदलला, मुलूख बदलला, पण लहानपणी पाहिलेला पक्षी बहुतेक त्याच्या डोक्यात राहिला असावा. अर्थात हा माझा अंदाज.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी दर्गा, कोटाचे दरवाजे आणि हौज कटोरा, दुपारनंतर चिखलदरा, दुसऱ्या दिवशी गाविलगड. हौज कटोऱ्यापाशी चहाची टपरीही दिसली नाही, पाणी सोबत घ्या. आणि ऑटोवाल्याला थांबवून ठेवा. माझा थांबला होता. परतताना विचारत होता, ''ताई, त्या कैदेतल्या पोराचं नाव काय म्हनलं तुमी?''