मुरमावरची गवते

सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही चार महिन्यांत आणि मध्येच दोन-तीन आठवडे दडी मारून. जमीन बेसॉल्ट झिजून झालेली. वर जेमतेम वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. कुठे कुठे चुनखडी. अशा जागी बाग करायची ठरली की बहुधा आधी गाळाची माती भरली जाते, शेणखत मिसळले जाते आणि त्यावर लॉन अंथरले जाते. विहीर तळाला गेली की ती हिरवळ टँकरच्या भरवशावर राहते. माळावरची गवते मात्र त्याच मुरमावर, खताविना उभी असतात. ती बागेत आणायची तर जमीन सुधारण्याचा मोह आवरणे हेच खरे कसब आहे.

दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार सांगितले. त्यांतला दख्खनच्या पठाराचा प्रकार पवन्या आणि मारवेल या दोन गवतांवरून ओळखला जातो. त्यांच्या मूळच्या जागा बागेलाही उपयोगी पडतात. पवन्या उंचवट्यावर, खडकाळ उतारावर. मारवेल जिथे थोडी माती साचते अशा सखल भागात. पवन्याच्या जोडीला कुसळी आणि डोंगरी ही गवते येतात. चार गुंठ्यांच्या आवारातही असे उंच-सखल भाग असतातच. पाऊस पडताना पाणी कुठून कुठे वाहते ते एकदा नीट पाहिले की कोणते गवत कुठे लावायचे हे कळते.

ही सगळी गवते कडक उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करणारी आहेत. त्यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड आधी एका पेशीथरात धरून ठेवला जातो आणि मग आतल्या पेशींकडे दाटीने पोहोचवला जातो. त्यामुळे पानाची रंध्रे फार उघडावी लागत नाहीत आणि पाणी वाचते. पावसाळा संपला की वरचा भाग वाळतो. ठोंब आणि मुळे जिवंत राहतात. हे वाळणे म्हणजे मरणे नव्हे. नव्याने गवत लावणारे नेमके इथे घाबरतात आणि पाण्याचा पाइप हाती घेतात.

कसदार मातीत आणि भरपूर पाण्यात हीच गवते बिघडतात. नत्र मिळाले की पाने लांब आणि लुसलुशीत होतात, काड्या मऊ पडतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या वाऱ्यापावसात ठोंब मधून फाटून लोळतो. शिवाय त्या खताचा जास्त फायदा गाजरगवत, आघाडा, केना यांसारख्या घाईने वाढणाऱ्या तणांना होतो. मुरूम उघडा, कोरडा ठेवला तर ही तणे दुबळी राहतात. म्हणून खड्ड्यात खत घालू नये. जमीन वाहनांनी दाबून घट्ट झाली असेल तर कुदळीने पोकळ करावी, तेवढे पुरे.

निवड करताना रंग आणि ठेवण दोन्ही पाहावी. थंडीत कुसळी तांबूस होते, पवन्या फिकट पेंढ्याच्या रंगाचा दिसतो, डोंगरीच्या तुऱ्यावर पिंगट लव असते. मारवेल पेरावरच्या पांढऱ्या केसांच्या कड्यामुळे जवळून देखणे वाटते, तेव्हा ते बसायच्या जागेजवळ असावे. रोशा गवताला सुगंध आहे. खानदेशच्या डोंगरांत त्याचे तेल काढण्याच्या भट्ट्या चालत. ते तेल एकेकाळी मुंबईहून तुर्कस्तानाकडे जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. जून झालेल्या रोशाला गुरे फारसे तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपण नसलेल्या आवाराच्या कडेला ते सोयीचे.

वाळ्याची गोष्ट थोडी वेगळी. तो मूळचा ओढ्याकाठचा, पण मुळे खोल जात असल्याने कोरडेही सोसतो. खोल मातीत ही मुळे ३ ते ४ मीटरपर्यंत उतरतात. उतारावर आडव्या ओळीत, १० ते १५ सेंटिमीटर अंतराने ठोंबे लावली की दोन-तीन वर्षांत दाट कुंपण तयार होते आणि वाहून जाणारी माती त्याच्यामागे अडते. लागवडीतल्या दक्षिणी वाळ्याचे बी रुजत नाही, त्यामुळे तो भलतीकडे पसरत नाही. माती धरायला लावलेला वाळा माठात घालण्यासाठी किंवा पडद्यांसाठी खणू नये. त्यासाठी चार ठोंबे वेगळी लावावीत.

रोपवाटिकांत सहज मिळणारी परदेशी तुऱ्याची गवते घेताना सावध राहावे. उत्तर आणि पूर्व आफ्रिकेतले फाउंटन ग्रास हवाई बेटांत आणि ॲरिझोनात बागांमधून निसटून रानभर पसरले. युरोपीय संघाने २०१७ साली ते उपद्रवी जातींच्या यादीत घातले. आपले अंजन गवत दख्खनच्या माळावर गुणी ठरते, तर ॲरिझोनाच्या वाळवंटात तेच वणवे पसरवते. माळाच्या शेजारी बाग असेल तर तिथलीच गवते लावणे हा शहाणपणाचा मार्ग.

लागवडीसाठी दोन दमदार पाऊस होऊन वाफसा यायची वाट पाहावी. मुळांसकट काढलेल्या ठोंबाचे तीन-चार फुटवे एकत्र ठेवावेत, वरची पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि ४५ ते ६० सेंटिमीटर अंतरावर घट्ट दाबून लावावेत. पहिल्या वर्षी पावसाने ओढ दिली तर पाणी द्यावे. दुसऱ्या वर्षापासून देऊ नये. रोजच्या थोड्या पाण्याने मुळे वरच घोटाळत राहतात.

बियांपासून वाढवण्यात चिकाटी लागते. कुसळीच्या कणसात खालचे फिके, कुसळ नसलेले दाणे वांझ असतात. वरचे काळपट, लांब कुसळांचे दाणेच रुजतात. हे कुसळ ओलाव्याने उलगडते आणि सुकताना पुन्हा पिळते. टोक अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले केस. त्यामुळे दाणा फिरत फिरत मातीत घुसतो आणि परत निघत नाही. तो मेंढीच्या कातडीतही असाच शिरतो, म्हणून पिकलेल्या कुसळीच्या माळापासून धनगर कळप दूर ठेवतात. बागेतही कुसळी पायवाटेपासून लांब हवी. ताजे बी लगेच उगवत नाही. ते कोरड्या जागी ठेवून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी पेरावे आणि वर मातीचा पातळ थरच द्यावा.

कापणी वर्षातून एकदाच. वैरणीसाठी कुरण फुलोऱ्यात कापतात, कारण तेव्हा गवतात कस असतो. बागेत ती घाई नको. उभ्या वाळल्या गवतात मुनिया दाणे टिपतात, कीटक आसरा घेतात, आणि हिवाळ्यातली सगळी शोभा त्या काड्यांचीच असते. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून विळ्याने कापावे. घराला किंवा रस्त्याला लागून असलेला पट्टा मात्र फेब्रुवारीतच कापून घ्यावा. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. जाळून जागा साफ करू नये. कापलेले गवत झाडांच्या आळ्यात आच्छादनाला उपयोगी पडते; गवताच्या ठोंबांभोवती ते साचू देऊ नये.

काही वर्षांनी ठोंब मधोमध पोकळ होतो आणि फुटवे फक्त कडेने येतात. तेव्हा पावसाच्या सुरुवातीला तो उपटून पहारीने फोडावा, कडेचे जोमदार फुटवे नव्या जागी लावावेत आणि मधला वाळलेला भाग टाकून द्यावा.